दहा शेळ्या, एक बोकड आणि शून्य जमीन

पशुसंवर्धन खात्याच्या वैयक्तिक लाभाच्या योजनांचे अर्ज सुरू झाले, की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर दरवर्षी तोच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, "बाबासाहेबांनी गाव सोडा सांगितलं आणि तुम्ही शिकलेल्या पोरांना शेळ्या वळायला पाठवता?" दुसरी बाजू म्हणते, "आपल्या हक्काचा निधी अखर्चित राहतोय, आधी फॉर्म भरा, तत्त्वज्ञान नंतर सांगा." दोन दिवस भांडण चालतं, मग अर्जाची मुदत संपते आणि पुढच्या वर्षीपर्यंत सगळे गप्प.

या दोन्ही बाजू एकाच प्रश्नाला हात लावत नाहीत. शेळी चरणार कुठे? हा प्रश्न टाळून योजनेला विरोध करणं सोपं आणि योजनेचा प्रचार करणं त्याहून सोपं. माझं म्हणणं सरळ आहे. आंबेडकरी तरुणांनी या योजनांत उतरलं पाहिजे, पण एकेकट्याने लाभार्थी म्हणून नव्हे. संघटित होऊन, गायरानाची मागणी सोबत घेऊन उतरलं पाहिजे. जमिनीची मागणी सोडून शेळी घेणं म्हणजे सरकारच्या आकड्यात भर घालणं आणि स्वतःच्या घरात कर्ज आणणं.

आधी विरोध करणाऱ्यांशी बोलतो, कारण त्यांच्या बोलण्यात स्वाभिमान आहे आणि तो मला मोलाचा वाटतो.

बाबासाहेबांनी आपल्याला कोणतं जनावर सोडायला सांगितलं? मेलेलं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मृतमांस सोडण्याचा आग्रह धरला. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक आणलं. वतनदारीत महाराच्या वाट्याला काय होतं ते आठवा. जिवंत गाय पाटलाची, दूध पाटलाचं, वासरू पाटलाचं, शेण पाटलाच्या उकिरड्यावर. जनावर मेलं की मात्र ते महाराचं. ओढायचं त्याने, विटाळही त्यालाच. जनावरावर आपला हक्क सुरू व्हायचा तो त्याचा जीव गेल्यावर. बाबासाहेबांनी ही वाटणी मोडली. आपल्या नावावर, आपल्या दावणीला, आपण विकू शकू असं जिवंत जनावर असणं हे त्या मोडण्याच्या विरुद्ध कसं काय होईल? ते तर त्याचं पुढचं पाऊल आहे.

शेळी आपल्या माणसांना नवीनही नाही. वाडी-वस्तीवर अनेकांनी अर्धलीच्या शेळ्या सांभाळल्यात. शेळी दुसऱ्याची, राबणं आपलं, करडं निम्मी-निम्मी. म्हणजे कसब आपल्याकडे आहे, मालकी नाही. मालकी मागताना लाज कसली?

गावाबद्दल बाबासाहेब काय म्हणाले हे मलाही माहीत आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी भारतीय खेड्याचं जे वाभाडं काढलं, ते आजही खरं आहे. पण ते भाषण खेड्यातल्या सत्तेविरुद्ध होतं, खेड्यात अडकलेल्या आपल्या माणसाविरुद्ध नव्हतं. पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकेची फी भरून एमपीएससीची तयारी करणारा आपला भाऊ शहरात आहे, पण त्याची आई अजून त्याच खेड्यात दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. त्याच्या मेसचे पैसे तिच्या मजुरीतून येतात. "गाव सोडा" हे वाक्य तिच्या तोंडावर फेकून आपण काय साध्य करणार?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. "आधी फॉर्म भरा"वाल्यांनी एकदा योजनेचा कागद नीट वाचावा.

राज्यस्तरीय नाविन्यपूर्ण योजनेत १० शेळ्या आणि १ बोकड असा गट मिळतो. २०२१ मध्ये ठरलेल्या दरांनुसार उस्मानाबादी किंवा संगमनेरी जातीची शेळी ८,००० रुपयांना आणि बोकड १०,००० रुपयांना धरला. त्यात विमा मिळवला की गटाची किंमत १,०३,५४५ रुपये होते. अनुसूचित जातीच्या लाभार्थ्याला ७५ टक्के अनुदान, म्हणजे ७७,६५९ रुपये. उरलेले २५,८८६ रुपये त्याने स्वतः किंवा बँकेकडून उभे करायचे. इथपर्यंत ठीक वाटतं. पण खाद्य आणि चाऱ्याच्या खर्चासमोर काय लिहिलंय? काहीच रक्कम नाही. तो लाभार्थ्याने स्वतः करायचा.

हा "स्वतः" किती मोठा आहे त्याचा हिशेब करू. एका मोठ्या शेळीला दिवसाला साधारण तीन किलो हिरवा चारा धरा, वर थोडा सुका. दहा शेळ्यांना रोज तीस किलो. वर्षाला जवळपास अकरा टन. करडं झाली की त्यापेक्षा जास्त. ज्याच्याकडे दोन एकर आहे तो बांधाला सुबाभूळ-शेवरी लावेल, एका वाफ्यात लसूणघास करेल. ज्याच्याकडे घराखालची जागासुद्धा धड नावावर नाही, त्याने अकरा टन चारा कुठून आणायचा?

कागदपत्रांची यादी बघा. त्यात सातबारा आहे, आठ-अ आहे. सातबारा नावावर नसेल तर कुटुंबाचं संमतीपत्र जोडा, नाहीतर दुसऱ्याची जमीन भाड्याने घेतल्याचा करारनामा जोडा. दुसऱ्याची म्हणजे कोणाची? गावात ज्याच्या शेतात आपण मजुरीला जातो, त्याची. म्हणजे सरकारी शेळी घ्यायची तर आधी त्याच्या ओसरीवर जाऊन करारनाम्यावर सही मागायची. अनुदान समाजाच्या नावाने, किल्ली मात्र जुन्याच कमरेला.

निवडीचा क्रमही बघा. दारिद्र्यरेषेखालील, मग अत्यल्प भूधारक, मग अल्प भूधारक, मग नोंदणीकृत सुशिक्षित बेरोजगार आणि यांतल्याच महिला बचत गटांच्या सदस्य. या क्रमात "भूमिहीन" असा वेगळा गटच नाही. एक हेक्टरवाल्याला ओळख आहे, शून्य हेक्टरवाल्याला नाही. भूमिहीन माणूस दारिद्र्यरेषेच्या यादीतून आत शिरला तर शिरला.

केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानाची तर वेगळीच गंमत. २०२१ च्या फेररचनेनंतर ५०० शेळ्या आणि २५ बोकडांच्या प्रकल्पाला ५० टक्के भांडवली अनुदान, जास्तीत जास्त ५० लाख रुपये. उरलेला अर्धा भाग स्वतःचा किंवा कर्जाचा, आणि जमीन दाखवायची ती वेगळीच. "ग्रामीण युवा उद्योजक" म्हणून ज्यांचे फोटो झळकतात ते कोण असतात, हे यावरून ओळखा.

आणि जनावर जगवायचं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. चारा विकत घेता येत नाही, म्हणून शेळ्या रस्त्याच्या कडेला आणि बांधावर न्यायच्या. नेणार कोण? बाप मजुरीला, आई खुरपायला. मग आठवीतली पोरगी शाळा बुडवते. आणि एखादी शेळी कोणाच्या तुरीत शिरली, की भांडण शेळीवरून राहत नाही. पहिल्या वाक्यात शेळी असते, दुसऱ्या वाक्यात जात. ज्यांनी खेड्यात काम केलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. शिक्षण सोडून आणि मार खाऊन कोणती समृद्धी येणार आहे?

म्हणून पशुधनाचा प्रश्न हा जमिनीचा प्रश्न आहे. हे मी नव्याने शोधलेलं नाही. १८८३ साली याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात त्यांनी सरकारच्या जंगल खात्यावर कोरडे ओढलेत, कारण त्या खात्याने डोंगर-गायरानं गिळली आणि गरीब शेतकऱ्याच्या शेरड्यांना चरायला जागा ठेवली नाही. एकशे चाळीस वर्षं होऊन गेली. खात्यांची नावं बदलली, शेरडांचा प्रश्न तिथेच आहे.

बाबासाहेबांचा १९१८ चा भारतातील लहान शेतजमिनींवरचा निबंधही वाचा. सगळे पंडित "तुकडे जोडा, जमीन मोठी करा" म्हणत असताना बाबासाहेबांनी विचारलं, की जमिनीसोबत भांडवल आणि अवजारं किती आहेत ते आधी सांगा. नुसत्या आकारावरून शेत फायद्याचं की तोट्याचं ठरत नाही, उत्पादनाच्या साधनांचं एकमेकांशी प्रमाण जुळावं लागतं. आणि शेतीवर पडलेला माणसांचा जादा भार हलवायला उद्योगधंदे वाढले पाहिजेत. हीच कसोटी शेळीच्या योजनेला लावा. भांडवल दिलं दहा शेळ्यांचं, श्रम घरातले गृहीत धरले, जमीन शून्य. प्रमाण जुळतच नाही. अशी योजना फसली की अधिकारी म्हणतात, "यांना जनावर सांभाळता येत नाही." दोष योजनेच्या गणिताचा आणि बदनामी आपली.

दूर अमेरिकेत हा खेळ आधी खेळून झालाय. तिथे काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. १९०२ मध्ये ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा-अधीक्षकाने खेड्यातल्या मुलामुलींचा शेतीक्लब काढला. त्यातून पुढे 'फोर-एच' ही चळवळ वाढली. मूल स्वतःचं वासरू, मेंढी किंवा डुक्कर पाळतं, खाद्याचा आणि खर्चाचा हिशेब वहीत लिहितं, काउंटीच्या जत्रेत जनावर मांडतं आणि विकतं. ८ मे १९१४ ला तिथे कृषी विस्ताराचा स्मिथ-लिव्हर कायदा झाला आणि या कामाला सरकारी पैसा मिळू लागला. त्या दिवसांत बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकत होते.

यातून दोन धडे घ्यायचे. पहिला, तिथलं पोरगं "लाभार्थी" नसतं, सभासद असतं. त्याला हिशेब येतो, सभेत ठराव मांडता येतो, आपल्या जनावराची किंमत सांगता येते. आपल्याकडे मात्र लाभार्थ्याने फोटोपुरतं दावं हातात धरायचं.

दुसरा धडा जास्त महत्त्वाचा. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या मुलांचे क्लब वेगळे होते, काळ्या विस्तार-कार्यकर्त्यांना पैसा आणि माणसं कमी मिळायची. टस्कीगी संस्थेतून टी. एम. कॅम्पबेल १९०६ पासून गाडीत अवजारं घालून काळ्या शेतकऱ्यांच्या दारोदार फिरले, पोरांनी बक्षिसं मिळवली, उत्तम जनावरं वाढवली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतरही अलाबामाच्या विस्तार सेवेत वंशभेद चालू असल्याचं तिथल्या फेडरल न्यायालयाला १९७१ मध्ये सांगावं लागलं. आणि जमिनीचं काय झालं? १९२० मध्ये अमेरिकेत नऊ लाखांहून जास्त काळे शेतकरी होते. शतक संपताना ते वीस हजारांच्या आसपास उरले. १९९९ च्या पिगफर्ड तडजोडीत सरकारच्या कृषी खात्याला कर्जवाटपातल्या भेदभावाबद्दल काळ्या शेतकऱ्यांना भरपाई द्यावी लागली, पण तोवर शेतं गेली होती. कसब होतं, मेहनत होती, क्लब होते. जमीन आणि कर्ज मात्र दुसऱ्यांच्या हातात होतं. नुसत्या "कौशल्य विकासा"वर विश्वास ठेवणाऱ्या आपल्या मित्रांनी हा इतिहास भिंतीवर लावावा.

आता आपल्या गायरानाकडे या. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. लाखो माणसं तुरुंगात गेली, त्यात कडेवर पोर घेऊन गेलेल्या बाया होत्या. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, ही त्यांची मागणी होती. पुढे मराठवाड्यात ॲड. एकनाथ आवाडांनी आणि मानवी हक्क अभियानाने हीच लढाई गावागावात लढवली. या दबावामुळेच २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. कितीतरी कुटुंबांची प्रकरणं अजून तहसीलच्या कपाटात आहेत.

मग २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. त्याच निकालात अपवादही आहे. सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेल्या पट्ट्यांसारख्या बाबी वेगळ्या धरता येतील, असं न्यायालयाने म्हटलंय. महसूल खात्याला निकाल पाठ आहे, अपवाद आठवत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे राज्यातल्या सुमारे २ लाख २२ हजार गायरान अतिक्रमणांचा आकडा आला आणि ती काढण्याच्या हालचाली सुरू झाल्या. ज्यांच्या घरांवर नोटिसा चिकटल्या त्यांत आपली माणसं किती होती, हे वेगळं सांगायला हवं का?

म्हणजे एक खातं म्हणतं, "शेळी घ्या." दुसरं खातं म्हणतं, "जागा सोडा." आणि तिसरं खातं, सामाजिक न्यायाचं, दादासाहेबांच्या नावाने सबळीकरण योजना चालवतं. भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, २०१८ पासून शंभर टक्के अनुदानावर. दर ठरवला जिरायतीला एकरी पाच लाख आणि बागायतीला आठ लाखांपर्यंत. पुणे जिल्ह्यात या दरात कोण जमीन विकणार? हिंजवडी-चाकणच्या पट्ट्यात गुंठ्याचे भाव विचारा.

इथे एक फसवणूक ओळखून ठेवा. गायरान कसणाऱ्या आपल्या माणसाला हुसकायचं असलं की गावातले पुढारी अचानक जनावरांचे कैवारी होतात. "गुरं चरणार कुठे?" पण त्याच गायरानावर कारखान्याचं गोदाम, सोलर प्रकल्प किंवा पुढाऱ्याची शाळा उभी राहिली, की गुरं कोणालाच आठवत नाहीत. आपल्याला कसणारा विरुद्ध चारणारा असं आपसात भांडवतात. धनगर भावाची मेंढरं, आपली शेरडं आणि आपलं ज्वारीचं वावर, या तिन्हींना पुरेल एवढं गायरान बऱ्याच गावांत अजून आहे. मोजणी करून ते नकाशावर दाखवा, असा आग्रह मात्र कोणी धरत नाही. तो आपण धरायचा.

उनाची २०१६ ची घटना आठवा. मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या भावांना मारहाण झाली, तेव्हा गुजरातमधल्या तरुणांनी घोषणा दिली की गाईचं शेपूट तुम्ही ठेवा, आमची जमीन आम्हाला द्या. जनावराच्या प्रश्नावरून सरळ जमिनीच्या प्रश्नावर जाणारी ती घोषणा आंबेडकरी होती. आपणही तिथेच जायला हवं.

तर करायचं काय? पुण्यात राहणाऱ्या तरुणांना मी मुद्दाम सांगतो, कारण या प्रश्नाच्या किल्ल्या पुण्यातच आहेत. पशुसंवर्धन आयुक्तालय औंधला. शेळी-मेंढी विकास महामंडळ गोखलेनगरला. समाजकल्याण आयुक्तालय आणि बार्टी याच शहरात. गावातल्या माणसाला इथे यायला एका दिवसाची मजुरी आणि एस. टी.चं भाडं मोजावं लागतं, तुम्हाला पीएमपीची बस पुरते.

एक, आपापल्या तालुक्याचा माहिती अधिकारात हिशेब मागा. अनुसूचित जातीचे अर्ज किती आले, निवड किती जणांची झाली, त्यांत भूमिहीन किती, गट प्रत्यक्ष किती मिळाले, वर्षाने शेळ्या किती जिवंत होत्या, विम्याचे दावे किती आणि पैसे किती जणांना मिळाले.

दोन, एकेकट्याने अर्ज भरू नका. वस्तीतल्या दहा घरांनी मिळून भरा, त्यातही बायांच्या नावाने. खरेदीला सोबत जा, म्हातारी आणि आजारी जनावरं माथी मारू देऊ नका. कानातला बिल्ला जपा, तो हरवला की विमा गेला. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस वेळेवर टोचून घ्या. हिशेबाची वही ठेवा आणि ती वस्तीच्या सभेत वाचा. शिकलेल्या पोरांचं काम इथे आहे. शेळ्यांमागे शाळेतलं एकही पोर जाणार नाही, हा नियम पहिल्याच सभेत करा.

तीन, ग्रामसभेत लेखी ठराव मांडा. गायरानाची मोजणी करा. नियमित होऊ शकणारी प्रकरणं निकाली काढा. उरलेल्या गायरानात भूमिहीनांच्या गटांना चारा लागवडीसाठी जागा द्या. ठराव फेटाळला तर फेटाळल्याची नोंद घ्या, तोही पुरावा असतो.

चार, औंधच्या दारात मागण्या ठेवा. निवडीच्या क्रमात "भूमिहीन" हा पहिला गट करा. सातबाऱ्याची आणि करारनाम्याची अट भूमिहीनांसाठी काढा. पहिल्या वर्षाचा चारा आणि वाड्याचा खर्च गटाच्या किमतीत धरा. सोबत अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीला कायद्याचं संरक्षण द्या. आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये असा कायदा केला, महाराष्ट्राने कशाची वाट पाहायची?

शेळीने क्रांती होत नाही, हे मला ठाऊक आहे. आपल्या मुलीने डॉक्टर, न्यायाधीश, संशोधक व्हावं हेच आपलं ध्येय आहे. पण तिच्या फीच्या दिवशी आईला सावकाराच्या दारात जावं लागू नये, घरातला एक बोकड विकून फी भरता यावी, एवढी ताकद घरात असणं हाही स्वाभिमानच आहे. ती ताकद जमिनीशिवाय टिकत नाही.

पुढच्या वेळी अर्ज सुरू होतील तेव्हा गटावर लिंक टाकण्याआधी आपल्या गावाच्या गायरानाचा गट नंबर टाका. तो माहीत नसेल तर उद्याच तलाठ्याकडे जा.

जय भीम! जय संविधान!